भीमराव मिस्त्रींचा फेटा

चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढायचं, त्या तोंडावर तळहात धरायचा आणि डोळे मिटायचे. भीमराव मिस्त्रींची तपासणी अशी सुरू व्हायची. धुराचा जोर हाताला किती लागतो, त्यावरून इंजिन किती झिजलंय ते सांगत. “हात खोटं बोलत न्हाई, ताई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पूर्णेत त्यांच्या गॅरेजला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं, त्यामुळे ते मला रोज ऐकू यायचं.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. गावोगावी मनं नासलेली, आणि भीमराव बौद्ध वस्तीतले. अशात वालूरचे बागायतदार आप्पासाहेब जावयाची आखातातून आलेली गाडी घेऊन त्यांच्याकडेच आले. तिला कार्ब्युरेटर नव्हता, कम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोलचा फवारा उडायचा. उभी राहिली की थरथरायची, बंद पडायची. तसली एक जुनी गाडी भीमरावांनी पूर्वी हाताळली होती, म्हणून ते निर्धास्त होते. त्यांनी झाकण काढलं तर इंजिन जागीच बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. जुन्या गाडीत असं झालं नव्हतं.

“झाकण काढताच बंद पडतंय, म्हंजी पिस्टनच्या रिंगा गेल्या,” ते म्हणाले. “खोलावं लागतंय.”

खोललं. रिंगा नव्यासारख्या होत्या. परत जोडताना हवेचा रबरी पाइप चिरलेला दिसला. माझ्याकडचा पाइप बसवला आणि गाडी सुरळीत चालली. भीमरावांनी पुन्हा झाकण काढलं. धडधाकट इंजिन बंद पडलं. तेव्हा त्यांना कळलं. जुन्या गाडीत आतल्या हवेचा दाब मोजला जायचा, मग हवा कुठूनही येवो. हिच्यात वाटेवर एक झडप होती आणि तिच्यातून जाईल तेवढीच हवा मोजली जायची. चिरेतून किंवा झाकणातून शिरलेली हवा कम्प्युटरला कळतच नव्हती, म्हणून पेट्रोल कमी पडायचं. इंजिन विनाकारण खोललं होतं.

ते हे बोलायच्या आत आप्पासाहेबांनी भर चौकात, स्वतःच्या हाताने त्यांना फेटा बांधला. मेलेलं इंजिन उठवलं, म्हणाले. वस्तीतली माणसं डोळे पुसत बघत होती. भीमरावांची मान खाली. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजचं शटर उघडलं नाही. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की गाडी चालतेय, गप्प बसा, एका मिस्त्रीच्या चुकीवरून लोक सगळ्या वस्तीचं माप काढतील.

“आन् ह्या फेट्यावरून काढायलेत ते?” त्यांनी विचारलं.

फेटा पिशवीत घालून ते एसटीने वालूरला गेले. परतले तेव्हा पिशवी तशीच. आप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लोटलं आणि म्हणाले, “ह्ये बोलणं इथंच ऱ्हाऊ दे. सोयऱ्याधायऱ्यांत तुझं नाव सांगून बसलोय मी. माझी शोभा करू नको.”

पुढे फवाऱ्याची गाडी आली की भीमराव आधी हवा कुठे मोजली जाते ते शोधायचे, मगच झाकणाला हात लावायचे. हात खोटं बोलत नाही, हे मात्र पुन्हा कधी म्हणाले नाहीत. कुणी फेट्याचा विषय काढला की पाना शोधायला वाकत.

ते वारले तेव्हा मुलाने पेटीतून तो फेटा काढला, वडिलांच्या डोक्याला बांधायला. त्यांच्या बायकोने तो त्याच्या हातून घेतला, नीट घडी घातली आणि पुन्हा पेटीत ठेवला.

“त्यो नगं,” ती म्हणाली. “त्यो परत करायचा ऱ्हायलाय.”