नानांसाठी ऐकलेली रेकॉर्ड

"थांब. अजून श्वास घेतोय तो," असं म्हणून नाना बोट वर करायचे.

रेकॉर्डवर पिन ठेवली की आधी नुसती खरखर यायची. मग कुणीतरी छाती भरून श्वास घेतल्याचा आवाज, आणि मग सॅक्सोफोनचा पहिला सूर. नानांचं बोट सूर लागेपर्यंत वरच असायचं. मी पाण्याचा ग्लास ठेवायला गेले तरी तशीच उभी राहायची. रोज चार वाजता, चहा झाल्यावर.

पिंप्राळ्यात त्यांच्याकडे मी सहा वर्षं स्वयंपाकाला होते. नानी मी कामाला येण्याआधीच गेलेल्या. मुलगा सुरतेला. सकाळी भाजी-पोळी, चारला चहा आणि जाताना खिचडी नाहीतर भाकरी करून ठेवायची, एवढंच माझं काम. रेकॉर्ड ऐकणं त्यात नव्हतं.

लग्नातला बॅण्ड तुम्ही पाहिला असेल. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात मात्र चपला. त्यात एक माणूस वाकड्या नळीचं मोठं पितळी वाद्य गळ्यात अडकवून गाल फुगवत चालत असतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही, सगळे नवरदेवाकडे बघतात. नाना म्हणजे तो माणूस. धुळ्याच्या एका बॅण्डमध्ये त्यांनी चाळीस वर्षं फुंकलं.

"नरडाण्यापासून फैजपूरपर्यंत निम्म्या बाया मीच सासरी पोचवल्या," ते म्हणायचे. "शिव्या मलाच देत असतील."

वाद्य बॅण्डमालकाचं होतं, काम सुटलं तसं तेही गेलं. घरात उरली ती ही एक रेकॉर्ड. तिची गोष्ट त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल. मिशी फुटत होती त्या वयात त्यांना एकदा भुसावळला रेल्वेच्या साहेबलोकांच्या क्लबात वाजवायला नेलं. तिथला वाजवणारा आजारी होता. नानांना वरातीचीच गाणी येत होती, ती त्यांनी वाजवली. साहेबलोक हसले, पण नाचलेही. एक इंजिन ड्रायव्हर देश सोडून कायमचा चालला होता. त्याने जाताना ही रेकॉर्ड नानांच्या काखेत दिली आणि खुणेने सांगितलं, असं वाजव.

कव्हरवर डोळे मिटलेल्या एका माणसाचा फोटो आणि इंग्रजी अक्षरं. नानांना ती वाचता येत नव्हती. मी चौथी शिकलेली, मला तर नाहीच. साठ वर्षांत त्यांनी ती कोणाकडून वाचूनही घेतली नाही. "नाव कळलं की लोक जात विचारतात," म्हणायचे.

पहिल्यांदा मी दारातूनच ऐकलं. तो माणूस वाजवत वाजवत इतका खाली गेला की मला भीती वाटली. मी विचारलं, "नाना, हा रडतोय का?"

"रडी नही ऱ्हायना वं," नाना म्हणाले. "भांडी ऱ्हायना. बायकोसंगे."

"मग कोण जिंकलं?"

"बायकोसंगे भांडीसन कोणी जिंकस का?"

त्यांना त्या माणसाचं एकच कौतुक होतं. तो थांबतो. वरातीत थांबता येत नाही, थांबलं की घोडा थांबतो, लोक ओरडतात. "आम्ही मधली भोकं बुजवत राहायचो," नाना सांगायचे. "हा बघ, अर्धं बोलतो आणि गप्प बसतो. मागचा ढोलवाला त्याला ओरडत नाही. वाट बघतो." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला आवडायचं नाही. भुकेल्या माणसाने दुसऱ्याचं ताट बघावं तसं ते होतं.

ऐकू कमी येतंय हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस मी भाकरी थापत होते आणि आतून तोच तुकडा पुन्हा पुन्हा यायला लागला. पिन अडकली होती. मी वाट पाहिली. दोन भाकरी झाल्या. शेवटी आत गेले, तर नाना डोळे मिटून मान हलवत होते आणि रेकॉर्ड तेच ते बोलत होती. मी पिन उचलली तरी त्यांची मान हलतच होती.

मी खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग पिनेकडे.

डॉक्टरांनी सांगितलं, कानाची शीर सुकली. आयुष्यभर ढोलाच्या पुढे चालले, शेवटची वर्षं डीजेच्या भिंतीशेजारी. डाव्या कानात काहीच उरलं नव्हतं, उजव्यात थोडं. यंत्र आणलं, ते शिट्ट्या मारायचं. नानांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मला म्हणाले, "उद्यापासून तू बस इथं. काय वाजी ऱ्हायनं, ते सांगत जाय."

मी चार माणसांत तोंड उघडत नाही. लग्नात उखाणा घ्यायचा तर मी मोरीत जाऊन बसले होते. तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मी मोठ्याने सांगायला लागले. नाना स्पीकरच्या लाकडी पेटीवर हात ठेवून बसायचे.

"ढोलवाला काय करतो?"

"पीठ चाळतोय."

"बरोबर! तारेचा कुंचा असतो त्याच्याकडे. आणि तो?"

"तो आला नाही अजून. बाजाची पेटी वाजवणाराच बोलतोय. आता आला. दारातून आत यावं का नको, असा आला."

"दुसऱ्या गाण्यात घसरतो. घसरला का?"

"घसरला. सावरला पण. सावरल्याचं दाखवत नाही."

नाना मांडीवर थाप मारायचे. "काय कान शेत वं तुना! माले इतकं समजाले दहा वर्षं लागनात."

असं मला कोणी काही म्हटलं नव्हतं. मी घरी जाताना रस्त्यात शब्द शोधायला लागले. तिसरं गाणं सगळ्यात हळू होतं. त्यात तो माणूस एक सूर इतका वेळ धरतो की सुराच्या कडेला नुसती हवा ऐकू येते, आणि त्याची बोटं झाकणांवर पडल्याची टपटपही. त्याला काहीतरी सांगायचं असतं आणि तो ते सांगत नाही. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी चहाचे कप उचलून आत गेले.

दोन वर्षं असं चाललं. मग दिवाळी आली.

दिवाळीच्या साफसफाईत आम्ही बाया काही सोडत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पंख्याची पाती, बरण्यांचे तळ, देवांच्या फोटोंच्या मागच्या काचा. नाना बाहेर उन्हात बसले होते. रेकॉर्डच्या मशीनच्या पिनेला धुळीचं बोंड लागलेलं दिसलं. मी ओल्या फडक्याने ते ओढलं. काहीतरी केसाएवढं फडक्याबरोबर आलं. फरशीवर शोधलं, सापडलं. कागदात बांधून संध्याकाळी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

"ही पिन?" तो हसला. "बाई, अशी शेवटची मी विकली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं." मुंबईला विचारतो म्हणाला. पिन काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. नानांनी चहा घेतला, पेटीवर हात ठेवला. मी मशीन सुरू केलं. रेकॉर्ड फिरायला लागली आणि काहीच आलं नाही, नुसतं घासल्यासारखं. सांगायचं होतं. पण नानांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. मी पिन तोडली, हे मला ओरडून सांगावं लागलं असतं. दार उघडं होतं, समोरच्या ओट्यावर बाया गहू निवडत होत्या.

मी वाकले आणि रोजच्यासारखी कानाशी मोठ्याने म्हणाले, "आला. दारातून आला."

मला सगळी रेकॉर्ड पाठ होती. कुठे घसरतो, कुठे थांबतो, सगळं मी तिथल्या तिथे सांगितलं. नानांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. अकरा दिवस मी न वाजणारी रेकॉर्ड त्यांना ऐकवली. त्यांचा हात त्या लाकडावर होता. त्या हाताला पहिल्या दिवशीच कळलं असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

बाराव्या दिवशी मी तिसऱ्या गाण्याला आले होते. नानांनी पेटीवरून हात काढला आणि मला विचारलं, "पिन कधी तुटनी?"

मी खाली बघितलं.

"मंग त्याना पहिले बी तू असंच सांगे का? बठ्ठं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्याआधीचं सगळंही मी असंच मनाने सांगत होते का, हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ती दोन वर्षं त्यांनी माझ्या कानांनी ऐकली होती, आणि ती खरी की खोटी हे त्यांना सांगणारी मी एकटीच होते. मी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, हे मलाही नीट कळलं नाही. पदर तोंडाला लावून आत गेले आणि खिचडीला फोडणी दिली.

उद्या सांगू, असं मी मनाशी म्हणत राहिले. त्यानंतर चार वाजता ते चहा घ्यायचे आणि भिंतीशी कूस वळवून झोपायचे. मशीनवर मी चादर टाकली. ते मला टाकून बोलले नाहीत, पगारातलं काही कापलं नाही, भाजी चांगली झाली तर चांगली म्हणाले. पण मला काही विचारणं त्यांनी बंद केलं. बाहेर पाऊस आला का, एवढंसुद्धा नाही. थंडीत त्यांचं जेवण कमी झालं, खोकला वाढला. उरलेला कानही गेला.

संक्रांतीनंतर मुलगा गाडी घेऊन त्यांना न्यायला आला. सुरतेला ते दीड महिना होते. तिथेच गेले. मुलाने फोन करून सांगितलं, रेकॉर्डचं काय केलं ते मी विचारलं नाही.

पण ज्या सकाळी ते निघाले, ती सकाळ मला सांगायची आहे. त्यांना शालीत गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं होतं. अख्खी गल्ली निरोप द्यायला जमली होती. गाडी सुरू झाली आणि मी काचेतून आत डोकं घातलं. त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जन्मात ओरडले नाही एवढ्याने ओरडले, "नाना, पिन दिवाळीले तुटनी! त्याना पहिलेनं बठ्ठं खरं व्हतं! बठ्ठं खरं व्हतं, नाना!"

मुलगा मागे वळून बघायला लागला.

नानांनी माझ्या हलणाऱ्या ओठांकडे नीट पाहिलं. मग शालीतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला.

"हा वं माय, येसू मी परत," ते म्हणाले. "तू घर जाय. थंडी शे."