चुकलेला अंगठा

आमच्या चिकूच्या वाडीवरच्या जीपने ड्रायव्हरचा हात मोडला, ही गोष्ट डहाणू ते चारोटी या पट्ट्यातल्या जुन्या गाडीवाल्यांना ठाऊक आहे. नवशिक्याला हँडल मारायला शिकवताना ती सांगत. हँडल म्हणजे बंपरच्या भोकातून एंजिनात घालून फिरवायचा वाकडा लोखंडी दांडा. बॅटरी मेली की गाडी त्यानेच चालू करायची. धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मूठ आवळली आणि एंजिनने उलटा झटका दिला, तर अंगठा जातो, कधी मनगटही जातं. "अंगठा बोटांजवळ ठेव, नाहीतर त्या वाडीवाल्यांच्या ड्रायव्हरसारखा लुळा होशील," असं म्हणत. मीही म्हणायचो. माझ्या मुलाला मी हेच सांगून मोठं केलं.

ती गोष्ट खोटी आहे. त्याचा अंगठा कधी चुकला नाही. त्याचा हात मी मोडला, त्याच हँडलने.

आमच्या घरात आधी हात उठायचा, मग शब्द यायचा. वडील चिकू उतरवायच्या काठीने मजुरांना मारत आणि तीच काठी घरात आणून मला मारत. एकदा वासराने लाथ झाडली म्हणून त्यांनी त्याचा पाय लोखंडी पहारीने मोडला आणि जेवायला बसले. मी त्यांना घाबरायचो आणि त्यांच्यासारखं व्हायची वाटही बघायचो. पंचविशीत मी बराचसा झालो होतो.

ड्रायव्हर उधवा गावाकडचा. माझ्याच वयाचा, काटक, कमी बोलणारा. त्याच्या पाड्यात गाडी चालवणारा तो एकटाच. जीप गावात गेली की पोरं मागे धावायची आणि म्हातारी माणसं त्याला हात लावून बघायची. बाजारात लग्नाच्या वयाच्या पोरी त्याच्याकडे बघत. पुढे त्यातल्याच एकीशी त्याचं लग्न जमलं. मला त्याचा हेवा वाटायचा. मी शेठचा मुलगा, पण जीप माझं ऐकायची नाही आणि त्याचं ऐकायची.

थंडीतली सकाळ होती. चिकूच्या करंड्या भरून जीप स्टेशनवर जायची होती आणि ती चालू होत नव्हती. ड्रायव्हर रेडिएटरसाठी पाणी आणायला विहिरीवर गेला. वडील ओट्यावर उभे होते. त्यांना दाखवावं म्हणून मी हँडल घातलं, मूठ आवळली आणि सगळ्या जोराने फिरवलं. एंजिनने उलटा झटका दिला. अंगठा मुळापासून उखडला असं वाटलं. मी ओरडलो आणि खाली बसलो.

वडील हसले. पोट धरून हसले.

बादली घेऊन ड्रायव्हर आला. त्याने माझा हात बघितला. तो हसला नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. तो म्हणाला, "शेठ, अंगठा बोटांजवळ ठेव. मूठ नाय आवळायची." त्याच्या बोलीत अहो-जाहो नाही, सगळ्यांना एकच तू.

"बघ," वडील मला म्हणाले, "याला कळतं. तू आपला करंड्या मोज बायकांबरोबर." आणि ओट्यावरून उतरून त्यांनी त्याच्यादेखत माझ्या कानफटात मारली.

वडिलांवर हात टाकायची माझी छाती नव्हती. मी बंपरमधून हँडल उपसलं आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर घातलं. त्याने डावा हात वर केला म्हणून डोकं वाचलं. हाड मोडल्याचा आवाज मला आला, त्यालाही आला असणार, कारण तो हाताकडे बघत राहिला. तेवढ्यावर थांबलो असतो तर रागाच्या भरात झालं असं म्हणता आलं असतं. मी थांबलो नाही. तो गुडघ्यावर आला, मोडलेला हात मातीत टेकलेला होता, त्याच हातावर मी नेम धरून दुसरा घाव घातला. कातडीतून हाड बाहेर आलं. तिसरा घाव बादलीवर बसला, कारण वडिलांनी मला मानेला धरून मागे ओढलं होतं.

मला त्यांनी लाथा घातल्या. मग शांतपणे ड्रायव्हरसमोर उकिडवे बसले. "हँडलने झटका दिला," ते म्हणाले. "तू मूठ आवळली होतीस. कळलं? दुसरं काही ऐकू आलं तर पेट्रोल चोरताना पकडला म्हणून चौकीत देईन. तुझे भाऊपण वाडीवरच आहेत, विसरू नकोस."

 पाण्याची बादली आडवी पडली होती, ती ड्रायव्हरने उजव्या हाताने सरळ केली.

हाडवैद्याने हात बांधला, तो वाकडाच जुळला. पण हातापेक्षा गोष्टीने त्याचं जास्त नुकसान केलं. वाकड्या हातानेही तो गाडी चालवू शकला असता. मात्र ज्याला हँडल धरायची अक्कल नाही, त्याच्या हाती गाडी कोण देणार? तलासरीला, चारोटीला, कुठेही गेला की लोक आधीच हसत, "हाच ना तो मूठ आवळणारा?" तो उधव्याला परत गेला. भात, नागली, आणि उन्हाळ्यात वीटभट्टी.

वडील गेल्यावर मी जीप मागच्या पडवीत ढकलली आणि वर ताडपत्री टाकली. विकायला बरेच जण सांगत होते. मला ती डोळ्यांसमोर नको होती आणि दुसऱ्याच्या हातातही नको होती.

दीडेक वर्षापूर्वी माझ्या मुलाने ताडपत्री ओढून काढली. तो चाळिशीचा आहे. मित्रांबरोबर डोंगरात गाड्या घालायचं त्याला वेड. "पप्पा, सोनं सडवून ठेवलंय तुम्ही," तो म्हणाला. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलं होतं, पत्रा पोटातून कुजला होता, टायर हात लावताच तुटत होते. हँडल सीटखाली गोणपाटात होतं. ते मीच गुंडाळलं होतं.

जीप ट्रॉलीवर घालून चारोटीच्या एका गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिक उंबरगाव बाजूचा, गुजराती मिसळून बोलणारा, हसरा माणूस. मी रोज जाऊन बसू लागलो. मुलाला वाटलं, बापाला जुन्या गाडीचा लळा आहे. जुनी गाडी दुरुस्त करणं हे किती मारहाणीचं काम असतं, ते तिथे बसून बघावं. गंजलेले बोल्ट सुटत नाहीत, त्यांची मुंडकी छिन्नीने उडवावी लागतात. कुजलेला पत्रा ग्राइंडरने कापतात तेव्हा तो किंचाळतो. पिस्टन सिलिंडरला चिकटले होते. त्यात तेल ओतून आठवडाभर ठेवलं, मग लाकडाचा ठोकळा लावून वरून घण घातले. प्रत्येक घणाला माझा हात आपोआप डोक्यावर जायचा. मेकॅनिकने विचारलं, "काका, डर लागे छे?" मी म्हटलं, कानाला त्रास होतो.

मुलाला जुनं एंजिन काढून डिझेल बसवायचं होतं. मी नाही म्हटलं. त्याला पुढे रुंद लोखंडी बंपर हवा होता, विंच म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायची चरखी लावायला. मी म्हटलं, "लाव. पण हँडलचं भोक ठेव."

"सेल्फ-स्टार्टर बसवतोय ना नवा. भोक कशाला?"

"ठेव म्हटलं ना."

भोक ठेवलं. बाकी सगळं त्याच्या मनासारखं झालं. मोठे टायर, डोक्यावर लोखंडी पिंजरा, काळा रंग, वर दिव्यांची लांब पट्टी. जीप गुंडासारखी दिसू लागली.

पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी मुलाचे दोन मित्र मोबाईल घेऊन शूटिंगला आले होते. मुलाने सेल्फ सोडून मुद्दाम हँडल घेतलं. "जुन्या स्टाईलमध्ये," तो म्हणाला.

"शेठ, अंगठो संभाळजो," मेकॅनिक म्हणाला.

"मला शिकवू नको. मी काय तो लुळा ड्रायव्हर आहे?" मित्र हसले. त्याने मूठ आवळली आणि फिरवलं. एंजिनने झटका दिला आणि मुलगा हात पोटाशी धरून कळवळला.

मेकॅनिकला हसू आवरलं नाही. "लो! आता तुमच्यावर गोष्ट बनेल!"

मुलाने हँडल उपसलं. त्या सकाळचा माझा चेहरा मी आरशात पाहिलेला नव्हता, पण त्याच्या तोंडावर तो ओळखला. हँडल मेकॅनिकच्या मनगटापासून बोटभर अंतरावर मडगार्डवर आदळलं. पत्रा फाटला. मेकॅनिकने हात मागे घेतला आणि दुसऱ्या हातात मोठा पाना उचलला. दुसरा घाव घालायला मुलाचा हात पुन्हा वर गेला होता.

"माझ्यासारखा दुसरा घालू नकोस!" मी ओरडलो. आवाज कुठून आला कोण जाणे. "पहिल्यावर थांब. मी थांबलो नव्हतो."

मग तिथेच, मोबाईल धरलेल्या पोरांसमोर, मी सगळं सांगितलं. झटका मला बसला होता. हसले ते वडील. मारलं मी, दोनदा.

मुलाने वर गेलेला हात खाली घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "पप्पा, हे इथे सांगायचं होतं का?"

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. "काका, मडगार्ड ठोकून देतो. मग गाडी घेऊन जा," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी फारसा बोलला नाही.

आठ-दहा दिवसांनी आम्ही उधव्याला गेलो. मुलगा चालवत होता. त्याला यायचं नव्हतं, पण मला चालवता येत नाही. पाड्यावर पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. ड्रायव्हर अंगणात नागलीच्या पेंढ्या रचत होता, डावा हात कोपरापासून बाहेर वळलेला. त्याने आधी जीप बघितली. मला नंतर.

"हिला काय केलंय रे," तो म्हणाला. "भुतासारखी दिसते."

मी ओट्यावर बसलो आणि बोलायला लागलो. त्याने मधेच तोडलं. "मला कशाला सांगतो? मला माहीत नाय काय? हिला सांग."

दारात त्याची बायको उभी होती. मी तिला सांगितलं. ती ऐकत राहिली, मग नवऱ्याकडे वळली.

"तू सांगितलं का नाय?"

"भाऊ वाडीवर होते. मग सवय झाली."

"सवय? मी तुला आयुष्यभर बोलले! अंगठा धरता येत नाय, नांगर काय धरशील. पोरांसमोर बोलले. सुनांसमोर बोलले. तू भाकर खात ऐकत बसायचास!" मग माझ्याकडे. "कुठंय तो दांडा?"

मुलाने सीटखालून काढून दिला. माझ्याकडे येईल असं वाटलं आणि मी हलायचं नाही असं ठरवलं. ती जीपकडे गेली. पहिल्या घावात डावा दिवा फुटला, दुसऱ्यात उजवा. मग ती चाकावर चढली आणि वरची दिव्यांची पट्टी फोडू लागली. प्रत्येक घावाबरोबर ती एक शिवी देत होती. त्यातल्या काही मला होत्या, काही वडिलांना, काही स्वतःला. शेजारपाजारची माणसं जमली. मुलगा उठला. मी त्याचं मनगट धरलं. त्याने झटकलं नाही.

"बस आता," नवरा म्हणाला. "काचा पडल्यात. चपला घाल आधी."

ती खाली उतरली. धापा टाकत होती, हातातून रक्त येत होतं. त्याने तिच्याकडून हँडल घेतलं, बंपरच्या भोकात घातलं आणि आत चाचपून बसवलं. उजवा हात ठेवला. अंगठा चार बोटांच्या बाजूला. तसाच थांबला, तिने नीट बघेपर्यंत.

"असा धरत होतो," तो म्हणाला.

पहिल्यांदा नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा एंजिन चालू झालं. फुटक्या काचा थरथरत खाली पडल्या. त्याची बायको तोंडाला पदर लावून बघत होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने जरा वेळ आवाज ऐकला आणि मुलाला म्हणाला, "बंद कर. पेट्रोल जाते."

हँडल त्याने काढून घराच्या कुडाच्या भिंतीला टेकवून ठेवलं. "हे इथे राहील."

निघताना मी माफी मागितली. तो म्हणाला, "ते नको. चारोटीला नाक्यावर सांग. तिथेच हसत होते मला."

दिवे नव्हते, म्हणून अंधार पडायच्या आत चारोटी गाठायची होती. तलासरी मागे पडली. मुलाने विचारलं, "दुसरा का मारलात?" मी म्हटलं, पहिला मारल्यावर बरं वाटलं होतं. त्याने ओळखीचं असल्यासारखी मान हलवली, आणि मला त्याचीच भीती वाटली.

नाक्यावर मी गेलो. टपरीशी गाड्या लावून ड्रायव्हर चहा पीत होते. सगळे तरुण. ज्यांनी ती गोष्ट पिकवली, त्यातला एकच म्हातारा बाकावर होता. मी उभ्याने सगळं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "छे, मूठ आवळलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती." तो त्या दिवशी तिथे नव्हता. मी तसं सांगितलं. तो चिडला आणि चहा अर्धा टाकून गेला.

एका पोराने विचारलं, "आजोबा, पण हँडल म्हणजे काय?"

मी टपरीवाल्याची छत्री मागून घेतली. मिटलेली छत्री आडवी धरली आणि मूठ आवळली. "हे असं मी धरलं होतं," मी म्हटलं. मग अंगठा काढून बोटांजवळ आणला. "आणि तो असा धरायचा. हे बरोबर आहे."

पोराने चहाचा कप ठेवला, छत्री घेतली आणि धरून बघितली. अंगठा कुठे ठेवायचा ते त्याने मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा दाखवलं.