शनिवारचा उपवास आणि जुनं तारघर

लिहिणं हे माझं काम नाही, म्हणून आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सहीपुरतं लिहिता यायचं. त्या वर्षात इतक्या जणांवर इतकं काही गुदरलं, त्यात माझा एक शनिवार सांगण्यासारखा आहे का, हे मला अजूनही नीट कळत नाही. पण तो डोक्यातून जात नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी ऑस्ट्रेलियात अॅलिस स्प्रिंग्जला होतो. देशाच्या मधोमध, वाळवंटातलं शहर. नर्सिंग शिकत होतो, वृद्धाश्रमात शिफ्ट करत होतो आणि एका मराठी कुटुंबाकडे खोली घेऊन राहत होतो. दादा पुण्याचे, इंजिनिअर. वहिनी, आणि त्यांची लहान मुलगी, जिला मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीतच यायचं.

आप्पा इचलकरंजीत दवाखान्यात होते, ऑक्सिजनवर. जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते फोनवरही ओरडूनच बोलायचे. दवाखान्यातून आलेल्या फोनवर मात्र आवाज इतका बारीक होता की मलाच "काय म्हणालात?" असं पुन्हा पुन्हा विचारावं लागलं. पुढे तेही बोलणं बंद झालं. काका तेवढे रोज फोन करून ऑक्सिजनचा आकडा सांगायचे. मला जाता आलं असतं, पण ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या, परत येऊ दिलं नसतं. आई म्हणायची, "हितं येऊन काय करणार बाळा? आत कुणालाच सोडत न्हाईत."

करण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा मी शनिवार धरले. आई धरते तसे. दिवसभर फक्त पाणी, आणि तिन्हीसांजेला मारुतीच्या फोटोपुढे दिवा लावून मग जेवायचं. वर्गात फुप्फुसं शिकायची आणि घरी येऊन हे करायचं, याची लाज वाटायची. तरी सोडवत नव्हतं.

त्या शनिवारी सकाळी दादा मुलीला घेऊन माझ्या दारात आले.

"चल, तारघर बघून येऊ. हिला शाळेत प्रोजेक्ट आहे."

"काकांचा फोन येईल, दादा."

"येऊ दे की. फोन हिच्याकडे दे, फोटो काढेल ती."

"आय टेक गुड वन्स," मुलगी म्हणाली आणि फोन घेऊन गेली.

गावाबाहेर, नदीच्या कोरड्या पात्राकाठी ते जुनं तारघर आहे. दगडी खोल्या, आजूबाजूला पांढऱ्या बुंध्यांची झाडं, मागे लाल खडक. उन्हाला बसलेल्या वॉलबी, म्हणजे कांगारूंची बुटकी भावंडं. गवतावर कुटुंबं डबे उघडून बसलेली. बाहेर एका पाटीवर लिहिलं होतं की तार बंद झाल्यावर इथे आदिवासी मुलांना आईवडिलांपासून तोडून आणून ठेवत. वहिनी ती पाटी वाचत बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी सतरंजी अंथरली.

"एक पोळी खाऊन घे," त्या म्हणाल्या.

"वहिनी, शनिवार आहे."

"माहितीय. दहीभात तरी? एका दिवसाने मारुती रागावत नाही."

"आजच मोडायला नको. काल आकडा जरा वर आला होता."

त्या दादांकडे बघायला लागल्या. दादांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, "राहू दे गं. संध्याकाळी जेवेल तो."

आत एक वयस्क बाई मास्क लावून माहिती सांगत होत्या. समुद्रकिनाऱ्यावरून आलेला तारेतला संदेश इतक्या अंतरात क्षीण व्हायचा. मग इथला माणूस तो ऐकून घ्यायचा आणि पुढच्या तारेवर नव्याने ठोकायचा. मुलीने विचारलं, म्हणजे त्याला सगळ्यांच्या बातम्या आधीच कळायच्या? बाई म्हणाल्या, कळायच्या, पण ज्याची बातमी त्यालाच ती पोचवायची, मधल्याने तोंड उघडायचं नाही, असा नियम होता.

एरवी दादांनी यावर काहीतरी पुणेरी टोमणा मारला असता. ते नुसतेच बाहेर गेले. मला वाटलं, कंटाळले.

मी मुलीला फोन मागितला. "बाबा हॅज इट," ती म्हणाली.

दादा झाडाखाली उभे होते. "बॅटरी संपली रे," त्यांनी सांगितलं. "हिने शंभर फोटो काढले असतील. घरी गेल्यावर लावू चार्जिंगला."

मला शंका आली नाही. उपाशी पोटी ऊन लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर फोन नाही म्हणून थोडं हलकंही वाटत होतं. मी खडकावर बसून वॉलबीच्या पिशवीतलं पिल्लू बघत राहिलो. आप्पांना हे सांगायचं ठरवलं. ते ओरडून विचारतील, "पिशवीत? कसल्या पिशवीत?"

संध्याकाळी घरी येऊन अंघोळ केली, दिवा लावला. वहिनींनी मुलीला त्या दिवशी लवकर झोपायला पाठवलं. मला गरम वरणभात वाढला, वर तूप, बाजूला लिंबाची फोड. त्या दोघांनी पानं घेतली नाहीत.

"तुम्ही?"

"तू जेव. सावकाश जेव," दादा म्हणाले.

भूक इतकी लागली होती की मी दोनदा भात घेतला. वहिनी वाढत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. मी ताट उचलायला लागलो तर दादांनी ते माझ्या हातातून घेतलं, ओट्यावर ठेवलं आणि खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांनी खिशातून माझा फोन काढून टेबलावर ठेवला. बॅटरी जवळजवळ पूर्ण होती.

"गावाकडच्या ग्रुपवर फोटो टाकलाय कुणीतरी, हार घातलेला. तो बघून तुला कळू नये म्हणून फोन काढून घेतला होता," ते म्हणाले. "आप्पा गेले रे. आपण निघायच्या आधीच काकांचा मला फोन आला होता. त्यांनीच सांगितलं, उपाशीपोटी सांगू नका म्हणून."