मोहन्याच्या फिटरचं विमान

दादा गेल्याचा फोन वहिनींनीच केला. सकाळी नऊच्या सुमाराला मी वर्तकनगरच्या घरी चहाचं आधण ठेवत होते. "कुंदाताई, हे भाजी आणायला गेलेले. मार्केटमध्येच खाली बसले... उठले नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, सावकाश या, रिक्षावाल्याला घाई करायला लावू नका, असंही म्हणाल्या. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली बाई माझी काळजी करत होती. मी गॅस बंद केला आणि कल्याणला जायला निघाले. त्याला आता सहा आठवडे झाले.

माझा थोरला भाऊ कल्याणजवळच्या मोहने गावात, रेयॉनच्या कारखान्यात फिटर होता. आमच्या घरात शिकलेली म्हणून माझं कौतुक व्हायचं आणि दादाच्या हातांचं कुणीच करायचं नाही, मीसुद्धा नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, चार बुकं जास्त वाचली आणि त्या जोरावर आयुष्यभर त्याला शहाणपण शिकवलं. तो ऐकून घ्यायचा. निम्मं त्याला ऐकूच यायचं नाही, हे मला फार उशिरा समजलं. मशिनांच्या आवाजात त्याचे कान गेले होते. पण काम करायची त्याची एक रीत होती. बिघाड कितीही मोठा असो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मशीन चालवून बघायचं, मगच दुसरीला हात लावायचा. "दोन बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही," असं तो म्हणायचा. जेवतानाही तो आधी भाजी संपवायचा, मग आमटी... वहिनी त्यावरून त्याला चिडवायच्या.

वहिनींना केदारनाथ बघायचं होतं. लग्न झाल्यापासून त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. मुलीचं शिक्षण झालं, लग्न होऊन ती नाशिकला गेली, दादा निवृत्त झाला आणि शेवटी एकदाची यात्रा ठरली. स्वेटर आले, कानटोप्या आल्या. जायच्या आधी तपासणी करून घ्यावी म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर फुप्फुसाचं दुखणं निघालं. उंचावर जायचं नाही, विमानात बसायचं नाही, घरी मशीन लावून ऑक्सिजन घ्यायचा. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही स्वेटर कामवालीला देऊन टाकले आणि केदारनाथचं नाव पुन्हा काढलं नाही. ते न काढणंच दादाला सोसवेना.

त्यानंतर तो नाशिकला लेकीकडे गेला, तेव्हा जावयाने त्याला विमान उडवायचा एक गेम दाखवला. त्यात सगळी पृथ्वी आहे, खरे डोंगर, खऱ्या नद्या, म्हणाल तिथून उडायचं. दादा येताना गाडीतूनच मला फोन करून म्हणाला, मी घरातला कॉम्प्युटर वाढवणार आहे. मी हसले. हसले कशाला म्हणू, चांगली फिदीफिदी हसले. सत्तरीला आलास, आता व्हिडिओ गेम खेळणार का, असं विचारलं. त्यावर तो जे म्हणाला ते मला ऐकावंच लागलं. "अगं, हिला वर नेता येत नाही ना. मग बसल्या जागी दाखवतो. डॉक्टर त्याला कसा नाही म्हणेल?"

कॉम्प्युटर म्हणजे लेकीच्या कॉलेजसाठी कधीकाळी घेतलेला, स्वस्तातला, चालू व्हायलाच पाच मिनिटं घेणारा डबा. डोंबिवलीच्या दुकानदाराने तो बघून सरळ सांगितलं की काका, यावर हा गेम विसरा, नवीन घ्या. दादाला हे पटलं नाही. मूळ मशीन धड असताना भंगारात काढायचं हे त्याच्या धर्मात बसत नव्हतं. त्याने आपल्या रितीने सुरुवात केली. आधी रॅम वाढवली आणि आठवडाभर चालवून बघितली. मग जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी. मग त्याच बोर्डवर बसणारा थोडा वरचा प्रोसेसर, त्याच्यावर उष्णता ओढून घेणारी, गंधाच्या टिकलीएवढी पेस्ट. मग वीज पुरवणारा डबा बदलला, आणि त्याचबरोबर वहिनींच्या ऑक्सिजन मशीनसाठी वेगळी वायर ओढून वेगळा स्विचबोर्ड बसवला. एकाचा भार दुसऱ्यावर यायला नको म्हणाला. सगळ्यात शेवटी पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड, तेही वापरलेलं. ते आलं तर कॅबिनेटपेक्षा बोटभर लांब. दुकानदार म्हणाला, आता कॅबिनेटही बदला. दादाने घरी येऊन करवत काढली, आतली पट्टी कापली, कानशीने कडा घासल्या आणि कार्ड बसवलं. पत्राच तर आहे, म्हणाला.

हे सगळं होईपर्यंत दसरा आला. कारखान्यात खंडेनवमीला हत्यारं आणि मशीन पुजायची सवय, ती निवृत्तीनंतर कशी सुटणार? त्याने पाना, करवत, कानस मांडली, कॅबिनेट उघडून आत कुंकवाचं बोट लावलं आणि वहिनींनी ओवलेला झेंडूचा छोटा हार थेट कार्डावर चढवला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, हार काढून पहिलं उड्डाण केलं. विमान वर गेलं, डोंगर दिसू लागले... आणि पाच मिनिटांत पडदा काळा.

पुढचे तीन आठवडे त्याने, पट्टी कापून बसवलेलं कार्ड तेवढं न हलवता, एकेक भाग काढून तपासला. रॅम बदलून बघितली, वायरी बदलल्या, पेस्ट पुन्हा लावली. रोज तेच, पाच मिनिटं आणि काळोख. मला फोनवर म्हणाला, कुंदा, हे माझ्या हातचं नाही दिसत. मी जन्मात त्याच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. मी मेलीने काय करावं, तर तुला सांगितलंच होतं असं म्हटलं. आज ते आठवलं की स्वतःची चीड येते.

बिघाड शोधला वहिनींनी. दिवसभर त्याच खोलीत पलंगावर बसून त्यांना त्या डब्याचा आवाज पाठ झालेला. दसऱ्याआधी खालून दोन पंखे वाजायचे, आता एकच वाजतो, असं त्यांनी दादाला सांगितलं. त्याला ते ऐकूच येत नव्हतं आणि कार्डाचे पंखे खालच्या बाजूला, वरून दिसतही नव्हते. त्याने कार्ड उलटं केलं. एका पंख्याच्या आसाभोवती हाराचा दोरा करकचून गुंडाळला होता आणि पात्यांत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. पंखा अडकून कार्ड तापायचं आणि पडदा काळा व्हायचा. पूजेनेच मशीन बंद पाडलं होतं. त्याने सगळ्यावर संशय घेतला, पूजेवर काही घेतला नाही. हे मला सांगताना दोघं इतकी हसत होती की वहिनींना धाप लागली.

भाऊबीजेला मी ओवाळायला गेले तेव्हा दादाने मला पाटावरून उठवून सरळ कॉम्प्युटरसमोर बसवलं. मनात म्हटलं, बघू या याचं खेळणं. विमान ढगांतून वर निघालं. समोर सगळा हिमालय उभा होता. बर्फावर ऊन पडलेलं, खाली दऱ्यांमध्ये अजून सावली, आणि शिखरांमागे शिखरं, किती ते मोजता येईना. मी हिमालयावरची पुस्तकं शेकड्यांनी कपाटात लावली असतील. त्यातलं काही त्या क्षणी माझ्या कामाला आलं नाही. माझा भाऊ मान खाली घालून, दोन बोटांनी, एका डोंगराला वळसा घालून आम्हाला केदारच्या खोऱ्यात नेत होता. देऊळ आलं तेव्हा ते जेमतेम एक करडा ठिपका होतं. वहिनींनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. नळीतून येणाऱ्या हवेचा बारीक आवाज तेवढा खोलीत होता. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. अडाणी समजत आले ज्याला, त्याने एका टाकाऊ डब्यातून बायकोसाठी हिमालय उभा केला होता.

मागच्या रविवारी मी कल्याणला गेले ती मनात एक ठरवून. एकट्या बाईच्या खोलीत तो कापलेला डबा आणि वायरींचा गुंता नको, लेकीकडे नाशिकला पाठवून द्यावा. वहिनी पलंगावर नव्हत्या. दादाच्या स्टुलावर बसल्या होत्या, समोर गेम चालू. खाली पिवळी शेतं सरकत होती, डोंगराचा मागमूस नव्हता. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की दादाला विमान उतरवता कधी आलंच नाही. सुरुवातीला एकदा आपटलं, वहिनी दचकल्या, तेव्हापासून तो फिरवून झालं की हवेतच थांबवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे न्यायचा. गेला त्याच्या आदल्या संध्याकाळीही ते त्याने केदारच्या वर तसंच ठेवलं होतं.

तेराव्यानंतर लेकीला फोनवर विचारून विचारून वहिनी दोन-चार बटणं शिकल्या. सरळ कसं ठेवायचं आणि थांबवायचं कसं, बास. रोज दुपारी धाप लागेपर्यंत विमान थोडं थोडं दक्षिणेकडे, कल्याणच्या दिशेने आणतात.

"तिकडे थंडीत कसं ठेवू त्यांना?" त्या म्हणाल्या. "स्वेटर पण देऊन टाकलेत मी."

आणि उतरवणार कसं, ते मी विचारलं नाही. त्यांनी विमान थांबवलं, नळी सारखी केली आणि मला म्हणाल्या, येत्या रविवारी विमानाखाली नर्मदा येईल, बघायला या. मी जाणार आहे.