तिसऱ्या वळणावरची तमरा

माझ्या मुलाच्या गाडीत पुढची सीट विहीणबाईंची. त्यांना मागे बसलं की गाडी लागते. मला कुठंही बसवा, काही होत नाही, म्हणून मी मागे. चांगल्या तब्येतीचं हे बक्षीस.

मुलाचा फ्लॅट मस्कतमध्ये दार्सैतला आहे. त्या वर्षी आम्ही दोघी तिथं एकाच वेळी जाऊन पडलो. विहीणबाई पुण्याच्या, शाळेत बाई होत्या. मी रत्नागिरीकडच्या खेड्यातली, चौथी पास. त्या रोज सकाळी चालत कृष्णाच्या देवळात जायच्या आणि येताना चार नव्या ओळखी करून यायच्या. नातीचा अभ्यास त्याच घ्यायच्या. नात त्यांना आजी म्हणायची आणि मला गावची आजी. मुलगा आम्हा दोघींनाही आई म्हणायचा. लहानपणी तो मला आये म्हणत असे. पुण्याची बायको केली आणि ते सुटलं. आता घरात 'आई' अशी हाक आली की विहीणबाई आधी ओ द्यायच्या. मी भाजी चिरत राहायची.

एक दिवस तो म्हणाला, "सलालाला ह्या दिवसांत सगळं हिरवंगार असतं. जाऊ या का?" विहीणबाईंनी लगेच कुठली शाल घ्यायची ते ठरवलं. मी म्हणाले, "बाबांनी केलेला डोंगरातला रस्ता दाखवणार असलास तर येते."

इतक्या वर्षांत मी त्याच्या बापाच्या ओमानबद्दल एक शब्द विचारला नव्हता. त्याला वाटलं, म्हातारी हळवी झाली. मी हळवी वगैरे झाले नव्हते. मला एक बाई बघायची होती.

आमचे हे सलालाच्या डोंगरात रोलर चालवायला होते. मुलगा तेव्हा रांगत होता. दोन वर्षांनी दोन महिने घरी यायचे, बाकी पत्रं. दुसरी शिकलेला माणूस, लिहिणार तरी किती. पण एका पत्रात लिहिलं होतं: "इथं उन्हाचा कहर आहे. रोलरचं लोखंड चटके देतं. पण खालून तिसऱ्या वळणावर तमरा आहे. दुपारचा डबा तिच्यापाशी खातो. ती आहे म्हणून जीव थंड राहतो. आईला खोकल्याचं औषध द्यावं."

सासूबाईंना पत्र मीच वाचून दाखवायची. तेवढ्या ओळी गाळल्या आणि खोकल्याचं औषध वाचलं.

त्याच पावसाळ्यात माझं सातव्या महिन्यातलं मूल गेलं. मी अंथरुणाला खिळले. या म्हणून कळवलं तर उत्तर आलं, काम अडलंय, रजा नाही. पुढच्या वर्षी आले तेव्हा भात वाढताना मी विचारलं, "तमरा कशी आहे?"

त्यांनी ताटातून मान वर केली नाही. म्हणाले, "हाय अजून. मरता मरता वाचली." आणि सार मागितलं.

मी सार वाढलं. तिचं दुखणं ह्यांना ठाऊक होतं. तिच्या उशाशी बसायला वेळ होता. पुन्हा मी विचारलं नाही, आणि विसरलेही नाही. कायमचे घरी आल्यावर हे पडवीत गप्प बसून राहायचे. मला वाटायचं, गेले हे तिसऱ्या वळणावर. मेले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळी पत्रं न्हाणीच्या चुलीत घातली. पाणी चांगलं तापलं.

मस्कतहून सलाला गाडीने दिवसभराचा रस्ता. सुनेला रजा नव्हती म्हणून आम्ही चौघंच. आठ-नऊ तास नुसतं सपाट, करडं माळरान, आणि मग अचानक धुकं आणि गवत. ह्या भुरभुरीच्या दिवसांना इथले लोक खरीफ म्हणतात. आमच्याकडे खरीप म्हणजे गुडघाभर चिखल आणि कंबर मोडेपर्यंत लावणी. इथं खरीफ म्हणजे चटई टाकून चहा पिणं. नशीब एकेकाचं.

दुसऱ्या दिवशी मुलाने गाडी खालून जुन्या रस्त्याला घातली. आता मोठा रुंद रस्ता पलीकडून गेलाय. जुन्यावर फिरायला आलेली माणसंच जातात. दोन गाड्या जेमतेम बसतील एवढी रुंदी, कडेला दगडी कठडा, शेवाळलेला. दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना टेकलेली. मधेच गायी रस्त्यात उभ्या, आणि त्या हलेपर्यंत सगळ्या गाड्या मुकाट थांबलेल्या. रस्ता अजून घट्ट होता. कुठं खचलेला नाही, लाट नाही. ह्यांनी दाबला तसा पडून होता. घरात कधी एक खुंटी सरळ ठोकली नाही ह्या माणसाने.

"किती रम्य आहे हो," पुढून विहीणबाई म्हणाल्या. काचेतलं सगळं त्यांना दिसत होतं. मला दिसत होता त्यांचा अंबाडा. मी अंगानेच वळणं मोजत होते. गाडी डावीकडे कलली, एक. उजवीकडे कलली, दोन.

"गावची आजी, तू काय काउंट करतेस?" नात म्हणाली.

"गायी."

तिसऱ्या वळणावर काय असेल ते मी मनात कितीदा तरी बांधलं होतं. घर असेल. दारात माझ्याच वयाची बाई असेल, बहुधा माझ्याहून गोरी. आणि आत-बाहेर करणारं एखादं माणूस असेल, ह्यांच्या नाकाचं. ते नाक बघायचं आणि परत फिरायचं, एवढंच मला हवं होतं. बोलायचं काही नव्हतं.

गाडी तिसऱ्यांदा कलली. "इथं थांब," मी म्हणाले.

"इथंच थांबणार होतो. चहा चांगला मिळतो."

उतरले. घर नव्हतं. घराचा चौथराही नव्हता. पत्र्याची एक टपरी, तिच्यात केरळचा एक माणूस, आणि मागे मोठं झाड. झाडाखाली दोन-तीन कुटुंबं चटया टाकून बसली होती. मी त्यांतल्या म्हाताऱ्या बायका बघून घेतल्या. सगळ्या कुठून कुठून गाडीने आलेल्या. म्हटलं, मेली असेल. घरही पाडलं असेल. तरी मी कठड्यापर्यंत जाऊन खाली वाकून बघितलं.

मुलाने मला चहा आणून दिला. विहीणबाईंनी तपकिरी सरबत घेतलं. घोट घेऊन त्या टपरीवरची इंग्रजी पाटी वाचायला लागल्या. पाटी दिसली की त्यांना वाचावीच लागते.

"तमर हिंद," त्या म्हणाल्या.

मी कप कठड्यावर ठेवला. "काय म्हणालात?"

"तमर हिंद. चिंचेचं सरबत आहे हे. अरबीत तमर म्हणजे खजूर. हिंदचा खजूर म्हणजे चिंच. इंग्रजीतलं टॅमरिंड त्यावरूनच आलं. अहो, तुमच्या मागे तरी चिंचच आहे की."

मी मागे बघितलं. चिंच. आंधळी असते तरी पाला चुरगळून ओळखली असती. पण मी घर शोधत होते, झाडाकडे कोण बघतंय.

तिथल्या कुणीतरी ह्यांना तमर हिंद म्हणून सांगितलं असणार. ह्यांनी अर्धं विसरून तमर ठेवलं. चिंच ती, म्हणून तमरही ती, आणि तमरची झाली तमरा. झाड लिहिलं असतं तर नपुंसकात गेलं असतं आणि माझा जन्म सुखात गेला असता. पण झाड हा शब्द लिहायचा राहिला.

"रस्ता इथं उगाच पोट काढून गेलाय," विहीणबाई म्हणाल्या. "सरळ नेता आला असता."

आधी तो सरळच नेणार होते. नीट बघितलं तर कळत होतं. सरळ नेला असता तर बुंध्यावरून गेला असता. मरता मरता वाचली ती अशी. कुणी वाचवली, कुणाला सांगून, ते आता कोण सांगणार. पण ह्या माणसाचा डबा खायचा कोपरा होता तो, आणि रोलर ह्याचा होता.

मला हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. मग पुन्हा झाडाकडे बघितलं. चिंचेसाठी रस्ता वळला. माझ्यासाठी रजा नव्हती. बाई असती तर निदान म्हातारी होऊन मेली असती. ही अजून उभी आहे, आणि हिच्याखाली अजून लोक डबे खातात.

मुलाला मी तिथंच सगळं सांगितलं, सातव्या महिन्यात गेलेल्या मुलाचं सोडून. तो हसायला लागला. मग बुंध्याला हात लावून उभा राहिला आणि हसायचा थांबला.

विहीणबाई म्हणाल्या, "पत्रं जपून ठेवलीत ना? मी आमच्या ह्यांची सगळी फाइलला लावलीत. तारीखवार."

"वाळवी लागली," मी म्हणाले.

"अरेरे. असा ठेवा गेला."

त्यांचं ते अरेरे मला नको होतं. फाइलही नको होती. नात मधेच म्हणाली, "आजोबांनी एक्झॅक्टली काय लिहिलं होतं?"

मी म्हणून दाखवलं. उन्हाच्या कहरापासून खोकल्याच्या औषधापर्यंत. मग त्या आधीचं पत्र म्हटलं, मग नंतरचं. तमरेचा उल्लेख आणखी कुठं आहे का, म्हणून प्रत्येक पत्र मी इतक्या वेळा उलटंसुलटं वाचलं होतं की शब्द जागचा हलला नव्हता. ह्यांच्या चुकांसकट पाठ. प्रेमाने कुणी एवढं पाठ करत नाही.

नातीने फोन पुढे धरला होता. "परत म्हण, आजी. रेकॉर्ड करते." गावची म्हणायला ती विसरली, की मुद्दाम, मला माहीत नाही.

विहीणबाई सरबताचा पेला हातात धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला आमच्या ह्यांच्या पत्रातलं एक वाक्य आठवत नाही हो. फाइल उघडावी लागेल."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मी खालच्या फांदीचा कोवळा पाला ओरबाडून तोंडात टाकला आणि मूठभर पदरात बांधला, डाळीत घालायला. मुलाने हाक मारली, "आये, चल." विहीणबाईंनी ओ दिली नाही.

गाडीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा ना पुढे."

"नको. तुम्हाला गाडी लागेल," मी म्हणाले, आणि मागचं दार उघडलं.