टीचरांची एक बांगडी

मी आज जो काही आहे, त्यात सर्वांत मोठा वाटा नंदाखालच्या रेजिना टीचरांचा आहे. हे वाक्य त्यांना दाखवलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "जो काही म्हणजे काय? नेमकं लिही." नेमकं लिहायचं तर, माझे वडील आगाशीला लोकांच्या केळीच्या वाड्यांत कामाला जात, आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं, आणि मी बी.कॉम. होऊन आज एका कंपनीत हिशेब तपासनीस आहे. कॉलेजात प्रवेश घ्यायच्या दिवशी वडिलांना वाडीतून सुटी मिळाली नाही, तेव्हा टीचर माझ्याबरोबर बसने आल्या होत्या. कारकुनाने "तुम्ही कोण?" असं विचारल्यावर "याची गणिताची टीचर" एवढंच म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

शाळेत त्यांची ओळख खोडरबरावरून होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी त्या बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन बाकाबाकावरून फिरत आणि सगळ्यांची खोडरबरं त्यात टाकायला लावत. डबा कपाटावर जाई, तो वार्षिक परीक्षेनंतर खाली येई. "खोडरबर चोराला लागतं," त्या म्हणत. "आपण चुकतो. चोरी करत नाही. चुकलं की एका रेघेने काप, वर बरोबर ते लिही. खालचं वाचता आलं पाहिजे, नाहीतर तू कुठून निघालास ते तुलाच कळायचं नाही." गिरवून गिरवून चूक काळी करणाऱ्याला त्या विचारत, "काय पुरलंस रे तिथे?"

त्यांचे यजमान बस्त्याव अंकल हे अगदी वेगळ्या स्वभावाचे. दिवसा एका कारखान्यात फिटर, आणि लग्नसराईत बँडमध्ये गिटार वाजवणारे. त्यांची इलेक्ट्रिक गिटार अमेरिकन बनावटीची, मध्ये मधासारखी पिवळी आणि कडेला तांबूस-काळी होत गेलेली. तरुणपणी मुंबईच्या बंदरात एका खलाशाकडून त्यांनी ती घेतली होती. ती घेण्यासाठी टीचरांनी लग्नातल्या दोन सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. "मी दिल्या, त्यांनी मागितल्या नव्हत्या," हे त्या मुद्दाम सांगत. कारण शेजारीच राहणारे त्यांचे दीर जुजे काका ही गोष्ट वेगळी सांगत. "आमच्या भावाने बायकोच्या बांगड्यांचं लाकूड केलं," असं ते चारचौघांत म्हणत, आणि लोक हसत. अंकलही हसत. टीचर हसत नसत.

शनिवारी गणित शिकायला मी त्यांच्या घरी जाई, तेव्हा अंकल पडवीत वाजवत बसलेले असत. वाजवताना उजवा हात जिथे टेकायचा, तिथला गिटारचा रंग घामाने आणि घासून पार गेला होता. तळहाताएवढं कोरडं लाकूड उघडं पडलं होतं. टीचर आतून म्हणत, "अहो, हाताखाली रुमाल तरी घ्या." अंकल म्हणत, "रुमाल घेतला तर गिटारला कसं कळणार कोण वाजवतोय?" आणि मला डोळा मारत. मला भूमिती कळायची नाही, पण ही दोन माणसं मात्र कळत.

अंकल गेले आणि गिटार टीचरांकडे राहिली. वर्ष-दीड वर्ष ती पेटीत होती. मग एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. चहा दिला आणि म्हणाल्या, "हिची किंमत काढायची आहे. विकायची आहे."

पैशांची अडचण आहे का, असं मी भीत भीत विचारलं.

"पेन्शन आहे मला. दोन बांगड्यांएवढी किंमत आली पाहिजे. जास्त नको, कमी नको. आली की दोन बांगड्या करीन, हातात घालीन, आणि जुजेंच्या दारावरून एक फेरी मारीन."

"एवढंच?"

"हे जन्मभर हसण्यावारी नेत राहिले म्हणून त्यांना लागलं नव्हतं, असं नाही. माझ्यापाशी आता दुसरा साक्षीदार नाही. हीच आहे."

मी इंटरनेटवर शोधाशोध केली. तशा गिटारींच्या किमती पाहून मी दोनदा आकडा वाचला. दोन बांगड्या सहज येतील असं दिसत होतं. मुंबईत जुनी वाद्यं दुरुस्त करणारे दमानिया नावाचे एक गृहस्थ होते, त्यांना मी फोन केला. फोटोवरून ते काही बोलेनात. "उघडून बघावी लागेल," म्हणाले, आणि पुढच्या रविवारी स्वतःच नंदाखालला आले.

त्यांनी पडवीतल्या टेबलावर चादर अंथरली, गिटार आडवी ठेवली आणि आधी नुसताच हात फिरवला. मग वास घेतला. मग तारांखालची प्लास्टिकची पट्टी स्क्रू काढून उचलली. पट्टीखाली रंग जुना होता, बारीक भेगा पडलेला. पट्टीच्या बाहेर मात्र सगळी गिटार आरशासारखी चमकत होती.

"हे पॉलिश कोणी केलं?"

"आमच्या सुतारानेच," टीचर म्हणाल्या. "यांच्या वर्षाच्या मिस्साच्या आधी."

आमच्याकडे वर्षाची मिस्सा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी चर्चमधली वर्षाची प्रार्थना, झाली की पाहुणे घरी जेवायला येतात, म्हणून त्याआधी घराला रंग काढतात, कपाटं-खुर्च्या पॉलिश करून घेतात. सुतार आठवडाभर पडवीत बसला होता. कपाट झालं, खुर्च्या झाल्या, भिंतीवरचा आल्तार, म्हणजे आमचा देव्हारा, झाला. टीचरांनी गिटारही त्याच्यापुढे ठेवली. त्याने इमानाने आधी घासपेपर मारला, ओरखडे काढले, उघड्या लाकडावर रंग जुळवला आणि चपड्याच्या पॉलिशचे हात दिले.

"सगळं घर उजळलं होतं," टीचर म्हणाल्या. "त्यांचंच वाद्य तेवढं मळकं कसं ठेवायचं? माणसं यायची होती."

दमानिया पट्टी परत बसवत म्हणाले, "बाई, गिटार अस्सल आहे. आतलं सगळं मूळचं आहे. पण जुन्या गिटारीचे लोक पैसे देतात ते त्या ओरखड्यांचे. पॉलिश केलं नसतं तर दुप्पट किंमत आली असती."

"म्हणजे निम्मी गेली."

"निम्मी गेली."

टीचरांनी गिटारीच्या त्या कोपऱ्यावर, जिथे अंकलचा हात टेकायचा, तिथे बोट ठेवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "चाळीस पोरांची खोडरबरं दरवर्षी काढून घेतली मी. आणि घरात सुतार बसवला."

दमानियांना यातलं काही कळलं नाही. माणूस भला होता. त्यांच्या ओळखीचा एक संग्राहक होता, त्याला फोटो पाठवतो म्हणाले. "फोटोत पॉलिश कळणार नाही. त्याने विचारलं तर सांगू."

"तो विचारायच्या आधी सांगा," टीचर म्हणाल्या. मी जाहिरातीचा मजकूर कागदावर उतरवला होता, तो त्यांनी मागून घेतला. त्यातलं 'उत्तम स्थितीत' एका रेघेने कापलं आणि वर लाल पेनाने लिहिलं: 'नवे पॉलिश. मालकिणीने करून घेतले.' मी तो मजकूर तसाच इंटरनेटवर टाकला.

संग्राहकाने दुसऱ्या दिवशी नकार कळवला. एका दुकानदाराने वापरायचं वाद्य म्हणून भाव सांगितला. पंधरवड्याने कळंबचा हरेश मोटरसायकलवरून आला. घरची मासेमारीची होडी, आणि हळदीच्या कार्यक्रमांत बेंजो पार्टीबरोबर तो गिटार वाजवायचा. पाठीवर छोटा अ‍ॅम्प्लिफायर बांधून आणला होता.

"आजी, लाईट हाय ना? मंग वाजवून बगतो."

"टीचर म्हणतात त्यांना," मी म्हटलं.

"आजी चालेल," टीचर म्हणाल्या. "आधी ऐका. हिला पॉलिश नवीन आहे. मी केलंय. त्यामुळे हिची किंमत निम्मी झाली आहे."

हरेशने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "असं इकनारा मी पयल्यांदा बगतो. पन आजी, मला काय ती भिंतीवर टांगायची नाय."

त्याने अ‍ॅम्प्लिफायरची वायर जोडली आणि हळदीची एक चाल वाजवायला घेतली. शेजारून जुजे काका बाहेर आले. "बस्त्याव उठला की काय?" म्हणाले. मग जायचं सोडून तिथेच पायरीवर बसून राहिले. पूर्ण दोन चाली ऐकल्या त्यांनी. हरेश मध्येच थांबून म्हणाला, "आवाज एक नंबर. पन इथं हात राहत नाय, घसरतो. लय गुळगुळीत केलाय."

टीचर म्हणाल्या, "हो. ते माझं काम."

दुकानदाराने सांगितला होता तोच भाव हरेशने दिला. त्या आठवड्यात मी टीचरांबरोबर आगाशीच्या बाजारात सोनाराकडे गेलो. जुन्या मापाची एक बांगडी झाली. ती घालून त्या खरोखरच जुजे काकांच्या दारात गेल्या. काका सुपारी कातरत बसले होते. त्यांनी हाताकडे पाहिलं.

"वयनी, दोन होत्या ना?"

"दोन होत्या. एक त्यांनी मिळवून दिली. दुसरी मी पुसली."

काका कातरायचे थांबले. "म्हणजे लाकडाचं सोनं झालं म्हणायचं," ते हळूच म्हणाले. त्यांनी कातरलेली सुपारी टीचरांपुढे केली. टीचर सुपारी खात नसत. त्या दिवशी त्यांनी एक खांड उचललं.

पुढे टीचर पुण्याला मुलीकडे राहायला गेल्या. फोनवर त्या फार बोलत नसत. "पत्र लिही, अक्षर तरी दिसेल," म्हणत. या वर्षाच्या सुरुवातीला त्या वारल्या. मिस्साला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीने मला माझं शेवटचं पत्र परत दिलं. तिच्या हातात ती एक बांगडी होती. पत्रात दोन शब्दांखाली लाल पेनाने रेघ मारलेली होती, म्हणजे ते नीट वाचलेलं होतं. पत्र असं:

टीचरांना सप्रेम नमस्कार.

मी ठीक आहे. बढती मिळाली, ती कशी मिळाली ते सविस्तर नंतर लिहितो. आईचे गुडघे दुखतात, पण ऐकत नाही, वाडीत जाते.

परवा आमच्या ऑफिसातल्या एकाची कळंबला हळद होती. मांडवात शिरताच आवाज ओळखला. हरेश वाजवत होता. दोन वर्षांत त्याने एकही लग्नसराई सोडलेली नाही. मध्यंतराला मी त्याच्याजवळ जाऊन गिटार पाहिली. त्याने ती वापरली आहे, जपून ठेवलेली नाही. कडेला एक टवका उडाला आहे, आणि मागे पट्ट्याच्या बक्कलाचे ओरखडे आहेत.

उजवा हात टेकतो तिथलं पॉलिश घामाने उडालं आहे. साधारण जायफळाएवढी जागा उघडी पडली आहे आणि खाली कोरडं लाकूड दिसतं. जागा तीच आहे. मी हात लावून पाहिला.

(वरच्या ओळीत एक शब्द चुकला होता, तो एका रेघेने कापला आहे. वाचता येईल.)

हरेश म्हणाला, आता हात घसरत नाही. पण दिसायला बरं दिसत नाही, तर एखाद्या सुताराकडून तेवढं पुन्हा पॉलिश करून घेऊ का, म्हणून आजींना विचारा. टीचर, मी तुम्हाला न विचारताच त्याला नको म्हणून सांगितलं.

आपला विद्यार्थी,
सुनील