इंजिन खोलायचं की नाही

ट्रॅक्टर चोरून सुरू करता येतो असं समजणारा माणूस मी जगात एकच बघितलाय, आणि माझं लग्न त्याच्याशीच झालंय.

ट्रॅक्टर मूळचा मोठ्या दिरांचा. त्यांच्या मुलांनी नवा घेतला आणि हा जुना धुळ्याकडून आमच्या गळ्यात आला. गळ्यात माझ्या हं, ह्यांचे तर पाय जमिनीवर ठरत नव्हते. स्वतः चालवत सुरतेपर्यंत आणला आणि दारात उभे राहून मला म्हणाले, "आरती आण." लग्न होऊन मी पहिल्यांदा इथे, सुरतेजवळ कडोदऱ्याच्या खोलीवर आले, तेव्हा मला कुणी आरती ओवाळली नव्हती. पण आणली बाई. काय करता!

बेत असा, की थंडीत बारडोलीकडच्या शेतांतून साखर कारखान्यावर ऊस ओढायचा. आणि ह्या बेतामागे होते ह्यांचे कान. ह्यांनी जन्म लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काढला. शेडमधल्या खडखडाटात कुणी बोलत नाही, नुसते ओठ हलवतात आणि हातवारे करतात, समोरच्याला सगळं कळतं. तीच सवय घरी आली. पाहुण्यांसमोर मी स्वयंपाकाच्या ओट्यापासून नुसते ओठ हलवून विचारायची, "हे जेवून जाणार का नुसता चहा?" आणि हे तिकडून बोटानेच उत्तर द्यायचे. पाहुण्यांना पत्ता नाही. पुढे कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, लूम सोडा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. म्हणून ट्रॅक्टर. मी विचारलं, "ट्रॅक्टर काय बासरी वाजवतो?" तर म्हणाले, "वर पत्रा नसतो, आभाळ असतं." ट्रॅक्टर चालला तर हे शेतात, बसला तर परत शेडमध्ये. माझा जीव त्यातच अडकलेला होता.

पहिले हंगाम बरे गेले. मग गेल्या दिवाळीच्या सुमाराला धूर सुरू झाला. निळा धूर, आणि आमच्या गल्लीत गच्चीगच्चीवर साड्या वाळत घातलेल्या. शेजारीण भांडायला आली तर हे तिला म्हणतात, "ताई, सकाळची थंडी आहे, त्याला जरा कफ झालाय." शिवाय तो तेल खायला लागला. माझ्या भज्यांत चमचाभर तेल जास्त पडलं तर डॉक्टरांची आठवण काढणारा हा माणूस, त्याला मात्र दर दोन दिवसांनी प्रेमाने तेल पाजायचा. मी म्हटलं, "इंजिनचं काम निघालंय, मिस्त्री बोलवा." तर मला म्हणतात, "तुले काय समजस?"

शेवटी मीच मिस्त्रीला फोन केला. हायवेवरचा गुजराती मिस्त्री, चांगला माणूस. त्याने बजावलं, मी सकाळी येतो, तोवर इंजिनला हात लावू नका. गार इंजिन सुरू व्हायला किती त्रास देतं, धूर कसा टाकतं, त्यावर अर्धा आजार कळतो. गरम इंजिन खोटं बोलतं.

दुसऱ्या दिवशी मी न्हाणीत होते, आणि बाहेर घर्रर्र! सगळी गल्ली दणाणली. समोरची म्हातारी उठून खिडकीत आली. मी ओल्या केसांनी बाहेर येते तोवर ट्रॅक्टर बंद, आणि हे हातात दुधाची पिशवी घेऊन असे उभे, जणू आत्ताच डेअरीवरून आलेत. मला विचारतात, "आज लवकर उठलीस?" देवा रे! लोक दुसऱ्याला ट्रॅक्टर विकताना असली लबाडी करतात. ह्यांनी स्वतःच्याच मिस्त्रीला फसवायला केली. डॉक्टरकडे जायच्या आधी गोळी खाऊन ताप उतरवण्यातली गत.

मिस्त्री आला, त्याने इंजिनवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "काका, आ तो गरम छे."

"ऊन," हे म्हणाले. ऊन अजून समोरच्या गच्चीवरून खाली उतरलं नव्हतं.

मिस्त्री वाद घालणाऱ्यातला नव्हता. तो दारातल्या ओट्यावर बसला, चहा घेतला, पोहे खाल्ले, दोन फोन केले. इंजिन गार होईपर्यंत मी हलत नाही, म्हणाला. दुपार झाली तेव्हा त्याला शेवभाजी-भाकरही वाढली. हे आमचे फेऱ्या मारतायत, आणि मला मात्र हसू आवरत नाही.

मग त्याने सुरू केला. आधी नुसतं कण्हणं, मग खोकला, मग सगळं अंगण निळं. मिस्त्रीने तेल भरायचं झाकण काढलं, तर तिथूनही फुसफुस धूर यायला लागला. "पिस्टनच्या रिंगा गेल्या," तो म्हणाला.

"रिंगा मान्य," हे लगेच म्हणाले, भाजीवालीशी घासाघीस करावी तसे. "रिंगा वरचं काम. इंजिन जागेवर ठेवून होतं, हंगामाला हात लागत नाही. खालून आवाज असता तर गोष्ट वेगळी. क्रँक, बेअरिंग, सगळं बाहेर काढावं लागलं असतं, हंगामच गेला असता. पण आवाज नही ना? मंग बठ्ठं बरं शे!" सगळं बरं आहे म्हणे! घाई झाली की हे अहिराणीवर येतात.

मिस्त्रीने लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनच्या खालच्या अंगाला टेकवलं आणि त्याची मूठ कानाच्या हाडाला लावली. जरा वेळ ऐकलं. मग पेचकस ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तसाच लावला, डोळे मिटले, नीट ऐकलं. चेहरा उजळला. "काहीच नही," म्हणाले.

मिस्त्री माझ्याकडे वळला. "बेन, तमे सांभळो." म्हणजे, तुम्ही ऐका.

मी मूठ कानाला लावली. खट, खट, खट. खोल, जड, शेजारच्या खोलीत कुणी खलबत्त्यात कुटतंय तसा आवाज. एकदा कळल्यावर मी पेचकस बाजूला केला, तरी तो ऐकू येत राहिला. आणि हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नाही म्हटलं असतं तर ह्यांनी ट्रॅक्टर उसात घातला असता आणि भर हंगामात इंजिन फुटलं असतं. हो म्हटलं तर हंगाम आत्ताच गेला. सकाळपासूनचं माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

"येतोय," मी म्हटलं.

"खरं सांग. येस का आवाज?"

"खूप येतोय हो."

हे पेचकसाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मागल्या साली येत व्हता तो. मंग बंद पडना. माले वाटनं, इंजिन सुधरनं."

मिस्त्रीने इंजिन बंद केलं. मला रडू येत होतं, पण माझं रडू नेहमी रागातूनच बाहेर पडतं. मी मिस्त्रीला सांगितलं, "खोला. सगळं खोला, खालपर्यंत." आणि ह्यांच्यापुढे उभी राहून म्हटलं, "हंगाम गेला तर गेला. माझं साड्यांवर खडे लावायचं काम आहे, दोघांचं भागेल. लूमवर जायचं नाव काढलंत तर गाठ माझ्याशी आहे!"

"नाही काढत," हे म्हणाले. इतक्या लवकर माझं ऐकलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

मिस्त्री गेल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो. ह्यांनी विचारलं, "आखो, आनखी काय काय बंद पडनं, सांग ना. माले कसं कळई?"

मी कुकरची शिट्टी सांगितली. दाराची बेल सांगितली. पहाटे छतावर कबुतरं घुमतात, तेही सांगितलं. हे एकेक बोट दुमडत ऐकत होते. आमची छोटी नात मागून "आबा, आबा" हाक मारते आणि हे वळत नाहीत म्हणून ती समोर जाऊन उभी राहते, एवढं मात्र माझ्याच्याने सांगवलं नाही.